दहापैकी चार

देविदास सरांची शिट्टी लातूर जिल्ह्यात जेवढ्या लोकांनी ऐकली असेल, तेवढी एखाद्या पुढाऱ्याची भाषणंही ऐकली नसतील. सर लातूर शहरातल्या एका शाळेत खेळाचे शिक्षक आणि सुट्टीच्या दिवशी बास्केटबॉलचे पंच. आपल्याकडे पंचांची कायम टंचाई, त्यामुळे ज्याच्या गळ्यात शिट्टी तो पंच, मग मैदानावर त्याची शाळा असो की त्याचा मेहुणा. हदगावला अशाच एका सामन्यात शेवटची सहा सेकंदं उरली असताना सरांनी स्वतःच्या शाळेच्या पोराविरुद्ध फाऊल दिला. शाळा एका गुणानं हरली आणि मुख्याध्यापक महिनाभर सरांशी बोलले नाहीत. धर्माबादला हरलेल्या बाजूच्या लोकांनी त्यांना एका वर्गखोलीत कोंडून घातलं, तर सर आत बसून निवांत स्कोअरशीट पूर्ण करत राहिले. खाली सही ठोकली आणि खिडकीच्या गजातून कागद बाहेर दिला. म्हणाले, "सही झाली. आता मला मारा न्हाई तर जेवायला घाला, कागद काय बदलत न्हाई." लोकांनी जेवायला घातलं.

अशा माणसाबद्दल वाईट लिहायला हात धजत नाही. पण लिहायचं आहे ते वाईटच.

सरांचं गाव औसा तालुक्यात, किल्लारीच्या अंगाला. त्र्याण्णव साली सर बावीस वर्षांचे होते आणि कॉलेजच्या संघातून नांदेडला सामने खेळायला गेले होते. निघताना थोरला भाऊ व्यंकट सायकलवर डबलसीट बसवून फाट्यापर्यंत सोडायला आला. गणपती विसर्जनाला थांब की म्हणत होता, पण हे थांबले नाहीत. विसर्जन झालं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गाव खाली बसलं. सर परतले ते अंगावरच्या अकरा नंबरच्या जर्सीवरच, आणि त्याच जर्सीत त्यांनी चार दिवस दगड उपसले. आधी आई सापडली, मग व्यंकट सापडला. पुढं भूकंपग्रस्ताच्या दाखल्यावर सरांना नोकरी लागली, तेव्हा याला भूकंप पावला असं म्हणणारेही निघाले. सरांनी ते ऐकून घेतलं. दरवर्षी तीस सप्टेंबरला प्रार्थना झाली की ते पोरांपुढं उभे राहत आणि एवढंच सांगत, "मला चेंडूनं वाचवलं. म्हणून खेळा."

त्यांना एकच मुलगी. तिचं उर्वी हे नाव हैदराबादच्या मामानं सुचवलं. उर्वी म्हणजे धरणी, हे सरांना बारसं झाल्यावर कळलं, आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत. बायकोनं, शिवकांतानं, नाव बदलू म्हटलं तर मान हलवली. चार माणसांत जाहीर झालेली गोष्ट फिरवायची नाही हा त्यांचा बाणा होता.

पोरगी सहाव्या वर्षापासून बापाबरोबर शाळेच्या कोर्टावर. उंची बेताची, पण नजर अशी की चेंडू हातात येण्याआधीच तो कुणाला द्यायचा हे तिचं ठरलेलं. न बघता पास टाकायची. सर तिला मैदानावर कधी शाबास म्हणत नसत, कारण तिथं ते तिचे कुणी नसत. घरी आल्यावर मात्र शिवकांताला सांगताना त्यांचा चहा गार होऊन जाई.

एव्हाना लातुरात शिकवण्यांचं पेव फुटलं होतं. बाहेरगावची पोरं लोंढ्यानं येत होती, प्रत्येक गल्लीत होस्टेल, खाली मेस, वर अभ्यासिका. संध्याकाळी मैदानावर येणारी पोरं हळूहळू बंद झाली, आणि एका वर्षी शाळेनं शेजारच्या क्लासला कोर्टावर गाड्या लावायची परवानगी दिली. दोन्ही रिंगांना दोऱ्या बांधून त्यांच्यामध्ये मेडिकलला लागलेल्या पोरांच्या फोटोंचं बॅनर ताणलं गेलं. सरांनी मुख्याध्यापकांकडं तक्रार केली. तक्रार करून आले आणि त्याच आठवड्यात पोरीचं नाव त्याच क्लासला घातलं. आपल्याकडचा माणूस असाच. ज्याला शिव्या घालायच्या त्याच्याच दारात लेकरू नेऊन बसवायचं.

उर्वी अकरावीला होती. क्लासच्या पहिल्या परीक्षेत ती 'अ' बॅचमध्ये आली आणि सप्टेंबरात नांदेडला विभागाच्या संघाची निवड चाचणी लागली. संघात आली तर शिबिर आणि राज्याचे सामने मिळून पंधरा दिवस जाणार होते. क्लासच्या संचालकानं सरांना बोलावून सांगितलं, पंधरा दिवस गैरहजर राहिली तर 'अ' बॅचमधून नाव कमी होईल, मग आमच्याकडं यायचं नाही.

नांदेडला निवडीला तीन परीक्षक होते. त्यांतले मोठे अनंतराव आणि तिसरे आपले सर. पाच कौशल्यं, प्रत्येकाला दहा गुण, तिघांच्या कागदांची बेरीज करून बारा मुली घ्यायच्या. घरचं कुणी चाचणीला असलं तर परीक्षकानं त्याला गुण द्यायचे नाहीत अशी रीत आहे. अनंतराव म्हणालेही, "देविदास, उर्वीचं आम्ही दोघं बघतो, तू बाजूला बस."

"नको," सर म्हणाले. "मी देतो. मला कुणी बोट दाखवायला नको."

सगळ्यांना वाटलं, काय हा माणूस! अनंतरावांनी उर्वीला आठ-आठ दिले, दुसऱ्यानंही तसेच दिले. सरांनी पाचही रकान्यांत चार लिहिले. उर्वी तेरावी आली, दोन गुणांनी. अनंतराव कागद बघून हसले, म्हणाले, लई कडक हायेस बाबा, आणि समारोपाच्या कार्यक्रमात माईकवरून सांगितलं की निःपक्षपातीपणा शिकायचा तर देविदासकडून शिका, यानं पोटच्या पोरीलाही तोंड बघून गुण दिले नाहीत. टाळ्या पडल्या. सरांनी उभं राहून हात जोडले.

परतीच्या एसटीत उर्वीनं विचारलं, "पप्पा, माझं काय चुकलं?"

"थोडक्यात हुकलं. पाय जड पडायलते तुझे."

तिला ते पटलं. बाप खोटं बोलेल, पण पंच कसा बोलेल? तिनं बूट धुऊन खोक्यात भरले आणि माळ्यावर टाकले. त्यानंतर तिनं तीनदा मेडिकलची परीक्षा दिली आणि तीनदा ती हुकली. दर वर्षी थोडक्यातच.

अठरा साली तिसरा निकाल लागला त्या जूनमध्ये हैदराबादचा मामा, मडिवाळप्पा, आला. त्याच्या पोरांनी व्हिडिओ गेमचं नवं मशीन घेतलं होतं, म्हणून जुनं त्यानं भाचीला आणून दिलं. टीव्हीला जोडायचं, बटणांचं दांडकं हातात धरायचं आणि अमेरिकेतल्या संघांचा बास्केटबॉल खेळायचा. पोरीचं डोकं जरा मोकळं होईल, एवढाच त्याचा हेतू. जाताना सरांना म्हणाला, "दाजी, तुम्ही पंच. आठ दिवस बघा अन् सांगा, खेळ खराखुरा वाटतो का. आमच्या हापिसात लई वाद चालू हाय."

सरांनी पहिल्या दिवशी नाक मुरडलं. सोफ्यावर बसून अंगठे हलवायचे, याला खेळ म्हणायचं? पण उर्वी खेळायला बसली की हे पेपर घेऊन मागं बसत, आणि पेपर हळूहळू खाली येई. खेळाडूच्या मानेवरून घाम ओघळत होता. लाकडी कोर्टावर बुटांची करकर ऐकू येत होती. दुसऱ्या दिवशी सरांनी जुन्या स्कोअरशीटचा पाठकोरा कागद घेतला आणि मुद्दे लिहायला सुरुवात केली. चेंडू न आपटता चालण्याची चूक दोनदा सोडली. अडवणारा कंबरेतून वळतो, बरोबर आहे. चौथ्या डावात दमलेल्याचा नेम खाली पडतो, हे तर अगदी बरोबर. पंचाशी कुणी हुज्जत घालत नाही, हे साफ खोटं.

चौथ्या दिवशी तर ते टीव्हीसमोर "फाऊल!" म्हणून ओरडले, आणि स्वयंपाकघरातून शिवकांता भाकरीच्या पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली. उर्वी हसली. निकालानंतर पहिल्यांदाच.

त्याच दिवशी जेवताना तिनं विषय काढला. क्लासचा चौथ्या वर्षाचा फॉर्म टीपॉयवर आठवडाभर पडून होता, सरांनीच आणलेला. ती म्हणाली, "पप्पा, मला हे भरायचं न्हाई. मी बी.ए. करते, मग तुमच्यासारखं बी.पी.एड. करते. पण आधी एक सांगा. मी मैदानावर खरंच कुणी होते का? का उगाच वाटायचं मला? तुम्ही हाव म्हणला तर जाते, न्हाई म्हणला तर गप फॉर्म भरते."

सरांनी ताट बाजूला सारलं. "बघू," म्हणाले. "रविवारी बोलू."

चार दिवस त्यांनी विचार केला. खेळाच्या शिक्षकाची आता काय किंमत आहे हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? शाळेत त्यांच्या तासाला गणिताचे मास्तर बसत. जागा भरणं बंद झालेलं. त्यांच्या बरोबरीचा नागनाथ पदवी घेऊन मंगल कार्यालयात वाढप्यांवर देखरेख करत होता. पोरीनं यात यायचं? सरांना आपण चूक आहोत असं कुठंच वाटत नव्हतं. आणि माणूस खरा फसतो तो इथंच.

रविवारी दुपारी उर्वीनं त्यांना टीव्हीपुढं बसवलं. "आज आपली टीम करू. त्या वर्षीची, चाचणीला आलेल्या पोरींची. यात आपला खेळाडू बनवता येतो. उंची टाकायची, मग एकेका गोष्टीला शंभरपैकी मार्क द्यायचे. मार्क तुम्ही सांगा."

त्या गेममध्ये खेळाडू बनवायचे ते पुरुषच, बाईचा देह त्यात नव्हताच. त्यामुळं हदगावची बबिता सहा फुटी दांडगट गडी होऊन उभी राहिली, तीही मिशीसकट. सर खदखदून हसले. मग डोळे मिटून सांगू लागले. चार वर्षं झाली होती तरी त्यांना एकेक पोरगी अशी आठवत होती की जणू आत्ताच कोर्टावरून पाणी प्यायला गेली आहे. बबिता, उडी शहाऐंशी, फ्री थ्रो मात्र चाळीस, रिंगचं तोंडच बघत न्हाई. नांदेडची मृण्मयी, वेग नव्वद, पण उजवीकडूनच घुसायची, डावा हात पन्नास लिही. देवणीची रत्नम्मा, जोर लई, दम कमी. उर्वी भराभर आकडे भरत होती आणि सर रंगात आले होते. आपण किती अचूक आहोत याचा त्यांना त्या क्षणी अभिमानही वाटला असेल.

"आता मी," उर्वी म्हणाली. तिनं पडद्यावरून नजर काढली नाही. "पास?"

सरांनी डोळे उघडले. टीपॉयवरचा कोरा फॉर्म पंख्याच्या वाऱ्यानं फडफडत होता, त्यावर चहाचा पेला ठेवलेला.

"पास... साठ."

तिनं साठ भरले.

"ड्रिबल?"

"पंचावन्न."

"नजर? म्हणजे कोण मोकळं हाय ते दिसणं."

"पन्नास धर," सर म्हणाले, आणि पेला उचलून गार झालेला चहा एका घोटात प्याले.

तिनं पन्नास भरले. सामना सुरू केला. बबिता उडाली, अगदी तशीच, कोपरं बाहेर काढून. मृण्मयी उजवीकडून घुसली. रत्नम्मा दुसऱ्या डावातच धापा टाकू लागली. सर पुढं सरकून बसले, मांडीवर थाप मारून म्हणाले, "आता हे खरं!" मग चेंडू उर्वीकडं आला. म्हणजे उर्वी नावाच्या त्या बुटक्या गड्याकडं. त्यानं दोनदा चेंडू आपटला आणि तो त्याच्या पायाला लागून बाहेर गेला. पुढच्या वेळी बबिता रिंगखाली एकटी मोकळी उभी, आणि यानं पास टाकला तो थेट समोरच्या संघाच्या हातात. तिसऱ्या वेळी कुणीतरी येऊन चेंडू अलगद काढून नेला. उर्वी बटणं दाबत होती, पडद्यावरचा गडी बावळटासारखा हात पसरून उभा होता.

एकदा झालं, दोनदा झालं.  चौथ्या वेळी पुन्हा पास चुकला आणि सर ताडकन उभे राहिले. त्यांच्या आतला पंच उभा राहिला, बापाला न विचारता.

"थांबव! हे बिलकूल खोटं हाय. उर्वी असा चेंडू सोडत नव्हती कधी. बबिता मोकळी दिसली अन् पास गेला न्हाई, असं एकदा बी झालेलं न्हाई. मशीन चुकतंय."

उर्वीनं खेळ थांबवला. दांडकं मांडीवर ठेवलं.

"मशीन न्हाई चुकत पप्पा. बबिता बघा, तशीच हाय. मृण्मयी तशीच. तुम्हीच म्हणलात आता हे खरं. सगळ्याजणी खऱ्या अन् मी एकटीच खोटी कशी? मार्क तर तुमचेच हायेत."



"त्या दिवशी किती दिलते मला?" तिनं विचारलं. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"दहापैकी चार."

"अन् खरे किती होते?"

"आठ." मग थांबून म्हणाले, "पासला नऊ."

"कशापायी?"

"'अ' बॅच गेली असती तुझी. मला वाटलं... मी वाचवायलो तुला."

उर्वी त्यांच्याकडं बघत राहिली. "तुम्हाला चेंडूनं वाचवलं म्हणता. दर साली सांगता पोरांना."

 सर खाली वाकले, दांडक्याकडं हात केला. "बदल ते. पास नव्वद लिही. नजर पंच्याण्णव लिही. बी.पी.एड.ला जा तू. मी खरं सांगायलो उर्वे, तुझ्यासारखी पोरगी मी उभ्या मराठवाड्यात बघितली न्हाई."

चार वर्षं उशीर झालेली शाबासकी होती ती. पोरीनं ती ऐकली आणि मान हलवली.

"आता मी कशावर विश्वास ठेवू पप्पा? क्लासला पाठवायचं होतं तवा चार होते. आता तुम्हाला वाईट वाटायलंय तर नव्वद झाले. तुमचे चार बी खरे न्हाईत अन् नव्वद बी खरे न्हाईत. मग मी होते कोण, हे कुणाला इचारू?"

तिनं टीपॉयवरचा फॉर्म ओढला. पेल्याचा गोल डाग पडला होता तो ओढणीनं पुसला. सरांच्या खिशातलं पेन तिनंच काढून घेतलं. सर म्हणाले, "थांब, उर्वे, घाई नको," पण तो मैदानावर घुमणारा पंचाचा आवाज नव्हता.

"तिथं पेपर मशीन तपासतं," ती म्हणाली. "नापास करतं, पण तिथं बाप बसलेला नसतो." तिनं सही केली आणि फॉर्म त्यांच्या हातात दिला. "सही झाली. आता कागद बदलत न्हाई."

ती आत गेली. मागच्या खोलीत पुस्तकांचं खोकं खाली काढल्याचा आवाज आला. पडद्यावर तो बुटका गडी थांबलेल्या खेळात एक हात पुढं करून तसाच उभा होता, आणि सर त्याच्यासमोर फॉर्म धरून उभे होते.

शिवकांता मोबाईल घेऊन बाहेर आली. तिला बाहेरचं काही ऐकू गेलं नव्हतं, भावाशी फोनवर बोलताना तिला दुसरं काहीच ऐकू जात नसे. "ऐका की, मडिवाळप्पाचा फोन हाय. आठ दिवस झाले म्हणतो. खेळ खरा वाटतो का न्हाई, तेवढं सांगा म्हणतो. काय सांगू त्याला?"

सरांनी फॉर्मची घडी घातली.

"खरा हाय म्हणावं," ते म्हणाले. "लई खरा हाय."